बाराचा भोंगा

परवा दुपारी माझी बायको सविता गच्चीवरचे कपडे काढायला गेली आणि तिथूनच ओरडली, "आली बघा तुमची काजळी!" खाली येऊन तिने माझा पांढरा बनियन माझ्यासमोर धरला. त्यावर बारीक काळे कण पडले होते. हे कण कोरड्या हाताने झटकले तर निघून जातात, पण ओला हात लागला की डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. आमच्या कॉलनीत लग्न होऊन आलेल्या बाईला घरातलं मीठमिरची कुठे आहे हे कळण्याआधी ही गोष्ट कळते.

काजळी आली म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर पेटला. बॉयलर पेटला की थोड्याच दिवसांत मिलकडे ऊस नेणाऱ्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. आमच्या या पट्ट्यात, इकडे राहुरी-देवळालीपासून तिकडे राहात्यापर्यंत, ऋतू तीन असतात हे फक्त शाळेच्या पुस्तकात. खरे दोनच, हंगाम आणि बिगरहंगाम. हंगामात रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज असतो, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात, चुरगळलेल्या उसाचा गोड आणि मळीचा आंबूस असा एकत्र वास नाकात बसलेला असतो. दरवर्षी हा वास आला की मला बरं वाटतं. या वर्षी वाटलं नाही.

मी तसा जन्माचा काळजीखोर. कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. रसाचा नमुना आला की त्याचा ब्रिक्स बघायचा, म्हणजे त्यात विरघळलेलं किती आहे ते मोजायचं, वहीत लिहायचं, आणि लिहिलेलं बरोबर आहे का ते पुन्हा बघायचं. घरीही तेच. कुलूप लावल्यावर ओढून बघतो, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढतो. सविता म्हणते, "तुमच्या काळजीला काळजी पुरत न्हाई." पण या वेळची काळजी मी उगाच ओढवून घेतलेली नव्हती. ती मनीषाची होती.

मनीषा माझी धाकटी बहीण. परदेशातल्या मोठ्या सभागृहांत ती गाते, तिच्या नावाच्या पाट्या लागतात, तिचं गाणं संपल्यावर गोरी माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. हे सगळं मी मोबाईलवर पाहिलेलं आहे. कॉलनीत मात्र ती अजून मनीच आहे, साखर वाळवणाऱ्या मशीनवरच्या अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, मनी. पोळ्याच्या सुमाराला तिच्या गळ्यात, आवाजाच्या तारांवर, एक गाठ निघाली. ज्वारीच्या दाण्याहून लहान. तिकडेच ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस एक अक्षर बोलायचं नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवस संपले, त्यांनी तपासून हळूहळू सुरू करा म्हटलं, आणि हिने तोंड उघडलंच नाही. पुढचे तीन आठवडे तिने स्वतःच्या भीतीने वाढवले.

त्या दिवसांत ती फक्त मेसेज लिहायची. आई दर संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसायची आणि विचारायची, "आज बोलली का रं?" मी मेसेज वाचून दाखवायचो. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ह्यो तुजा आवाज झाला. तिचा कुठं हाय?" एका रात्री जेवणानंतर मनीचा मेसेज आला, तो मी आईला वाचून दाखवला नाही. तिने लिहिलं होतं, "दादा, पैला सा भोंग्याला लावनार. मोळी पडंल त्या दिवशी, बाराच्या भोंग्याला. फोन भोंग्याकडं धर. लागला तर लागला. न्हाई लागला तर मग न्हाईच."

आणि भोंगा काढून टाकला होता. आषाढातच काढला होता. मी तिला ते सांगितलंच नव्हतं.

भोंगा म्हणजे काय होता हे कॉलनीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. बॉयलरच्या छपरावर पितळेचा एक जाड नळकांड्यासारखा भोंगा होता आणि त्यातून वाफ सोडली की तो वाजायचा. पहाटे चार, दुपारी बारा, रात्री आठ, अशा तीन पाळ्यांना तीन वेळा. तो वाजवायला साखळी ओढावी लागायची. माझ्या लहानपणापासून दिवसपाळीची ती साखळी ओढली मक्बूलचाचांनी. ते बॉयलर अटेंडंट. आमच्या खोलीच्या पाठीमागेच त्यांची खोली. भोंग्यावर आमचा कुकर लागायचा, भोंग्यावर शाळेची मधली सुट्टी व्हायची, एका घरात तर बारशाचा मुहूर्त भोंग्यावर धरला होता. या वर्षी कारखान्यात नवा मोठा बॉयलर आला. त्याच्या वाफेवर वीज तयार होते, तेव्हा वाफ हवेत सोडून वाजवत बसणं कुणाला परवडणार? टाइम ऑफिसच्या छपरावर विजेचा सायरन बसवला. पितळी भोंगा भंगाराच्या ढिगात गेला. त्यात कुणाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. हे ठरलं त्या बैठकीच्या चहाला मी स्वतः होतो.

आमच्या कॉलनीत सगळे ओरडून बोलतात. मिलचा घरघराट रात्रंदिवस चालू, त्यावर आवाज चढवल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही, आणि मग बिगरहंगामातही सवय मोडत नाही. अण्णा आता नाहीत, पण त्यांचे कान तर मशीनने कधीच खाल्ले होते. घरात कुणी हळू बोललं तर अण्णा विचारायचे, "काय झालं? भांडान झालं का?" मनीचा आवाज असा मोकळा, छातीतून येणारा का, यावर परदेशातल्या एका बाईने म्हणे मोठा लेख लिहिला आहे. मला त्यातलं फार कळलं नाही. तिला अण्णांना जेवायला हाक मारायची असायची, एवढं मला माहीत आहे.

ती आठ-नऊ वर्षांची असेल. दुपारी भोंगा वाजला आणि अंगणात पाच खड्यांचा डाव मांडून बसलेली मनी मान वर न करता म्हणाली, "आज प्रेशर कमी हाय." मक्बूलचाचा पाळी संपवून घरी आले तेव्हा आईने हसत हसत त्यांना हे सांगितलं. चाचा हसले नाहीत. ते उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "कमीच हुतं. बॉयलरला चिपाड वलं आलंय सकाळधरनं. पन हिला कुनी सांगितलं?" कुणी सांगितलं नव्हतं. भोंगा जरा खालच्या सुरात बोलला होता आणि तिला ते ऐकू आलं होतं.

मग तो खेळच झाला. चाचा घरी येताना आमच्या दारावरून जायचे आणि बाहेरूनच विचारायचे, "बेटी, प्रेशर किती?" मनी सांगायची, "फुल्ल हाय चाचा," नाहीतर "जरा बसलंय." चाचा प्रेशरच्या काट्यावर बघून आलेले असायचे. माझ्या आठवणीत ती एकदाही चुकली नाही. मी मात्र रोज धास्तावलेला असायचो, की आज ही चुकणार आणि चाचांना वाईट वाटणार. मला तर दोन भोंग्यांत कसलाच फरक कळायचा नाही. अजून कळत नाही. मला फक्त ब्रिक्स कळतो.

हायस्कूलला गोरे बाई संगीत शिकवायच्या. त्यांनी मनीला पेटीसमोर बसवलं आणि म्हणाल्या, तुझा सा लाव. तिने लावला तो भोंग्याचा. बाईंनी काळी चार दाबली, जुळेना. पांढरी सहा दाबली, तीही जुळेना. त्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी तो बसत होता, आणि तिथे पेटीला पट्टीच नाही. बाई चिडल्या. "एक तर खाली ये नाहीतर वर जा. मधे लटकू नकोस." मनी घरी येऊन रडली. अण्णांनी काय झालं ते तीनदा ओरडून विचारलं, मग समजलं तेव्हा म्हणाले, "पेटी दुरुस्त करायला सांग बाईन्ला."

आता मी ज्या हंगामाकडे पुन्हापुन्हा परत जातो, तो त्यानंतर काही वर्षांनी आला. मनी सतरा वर्षांची, बारावीला. मी नुकताच लॅबमध्ये लागलेला. गोरे बाईंना कुठूनसं समजलं, की वेगवेगळ्या देशांतले गायक एकत्र घेऊन एक मोठा मेळा निघणार आहे आणि त्यांना शिकवून न बिघडलेले आवाज पाहिजेत. तीन मिनिटांचं गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवायचं. वाद्य नको. आणि मागे कसलाही आवाज नको. ही शेवटची अट बाईंनी दोनदा वाचून दाखवली.

कसलाही आवाज नको. हंगामात. आमच्या कॉलनीत!

मी कामाला लागलो. राहुरीला आत्या राहते, एसटी स्टँडच्या मागे. तिथे मनीला घेऊन गेलो. पहिल्या वेळी गाण्याच्या मध्येच शेजारच्या कुकरने शिटी दिली. दुसऱ्या वेळी वरात आली. तिसऱ्या वेळी सगळं शांत होतं, आणि आत्याच म्हणाली, "लई ग्वाड गाती गं!" आणि ते रेकॉर्डमध्ये आलं. मुळा धरणावर नेलं तर वाऱ्याने फोनमध्ये नुसता फडफडाट भरला. तारीख जवळ येत चालली. मनी घाबरली नव्हती, घाबरलो होतो मी. तिला मी गार पाणी पिऊ देत नव्हतो, काजळीत बाहेर जाऊ देत नव्हतो, आंबट खाऊ देत नव्हतो. एकदा ती चोरून चिंच खात होती; मला पाहताच तिने अख्खी चिंच बियांसकट गिळून टाकली.

आणि मी एक गोष्ट केली जी मी कुणाला सांगितली नव्हती. लॅबमध्ये नळीतून रस ओतताना मी मनात म्हणालो, कारखाना बंद पडू दे. एक दिवस, अर्धा दिवस. मिल मोडू दे, पट्टा तुटू दे. कारखान्याच्या मिठावर वाढलेल्या माणसाने असं म्हणायचं नसतं. अण्णा हंगामी कामगार होते, बंद दिवस त्यांना कसा जातो हे मी पाहिलेलं होतं. तरी म्हणालो. नंतर दिवसभर कुठे काही खटकलं की मी लॅबच्या दारात येऊन मिलकडे बघायचो.

मिल मोडली नाही, पण अवकाळी पाऊस आला. सबंध रात्र कोसळला. शेतात गाड्या चाकापर्यंत रुतल्या, ऊस यायचा थांबला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कारखाना बंद पडला. ती पहाट मी विसरणार नाही. आवाज थांबला आणि त्यामुळे सगळी कॉलनी जागी झाली. तान्ही पोरं रडायला लागली. अण्णा अंथरुणात उठून बसले, कानावर हात ठेवून म्हणाले, "मला काय झालं?" त्यांना वाटलं, उरलेसुरले कानही गेले.

मला तर आनंदाने काही सुचेना. दाराला गोधडी लावली, खिडक्यांत उशा कोंबल्या, घड्याळातला सेल काढला. आई चुलीपासून दूर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. गोरे बाईंनी दिलेला फोन मी दोन्ही हातांत धरला. मनीने डोळे मिटले, सा लावायला तोंड उघडलं आणि तो लागेना. म्हणजे आवाज येत होता, पण तो स्थिर राहीना. खाली जायचा, वर जायचा, अंधारात जिना उतरताना पाय शोधावा तसा चाचपडायचा. पुन्हा. पुन्हा. नवव्या वेळी ती डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "दादा, सा कुठं गेला?"

आम्ही तिच्यासाठी शांतता शोधत गावोगाव फिरलो होतो. ती मात्र कधीच शांततेत गायली नव्हती. तिच्या खाली सतत कारखाना होता. गोधडीमागे गरम श्वास सोडत उभा असताना मला हे समजायला पाहिजे होतं, पण समजलं नाही. मी चिडलो. म्हणालो, "आयुष्यभर वरडतीयेस, आन आज शांतता मिळाली तर तोंड उघडंना तुझं?" आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी गोधडी बाजूला सारून बाहेर निघून गेलो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. पुढे तिचं कितीही नाव झालं तरी ते वाक्य धुऊन निघालेलं नाही.

दोन दिवस उघाडीचे गेले. तारखेच्या शेवटच्या सकाळी गाड्या आल्या, मिल फिरली, भिंती पुन्हा नेहमीसारख्या थरथरू लागल्या. पाठवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. मी लॅबमधून जेवायला घरी येत होतो तर मनी पायात चप्पल न घालता बॉयलरच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी होती. मला बघून म्हणाली, "फोन काढ." मी म्हणालो, "इथं? मागं आवाज नको म्हनलेत." ती म्हणाली, "काढ म्हनते ना." तेवढ्यात चाचांनी साखळी ओढली. बाराचा भोंगा सुरू झाला, आणि तो संपायच्या आत त्याच्याच अंगावर तिने आपला सा ठेवला. भोंगा थांबला, ती थांबली नाही. आईच्या तोंडची दळणाची ओवी तिने धरली आणि तीन मिनिटं सोडली नाही. रेकॉर्डमध्ये सगळं आलं. मिल, बैलांचे घुंगरू, कुणीतरी कुणाला मारलेली शिवी, आणि शेवटी चाचांचा खोकला.

गोरे बाई म्हणाल्या, हे नियमात बसत नाही. तरी पाठवलं, कारण दुसरं नव्हतंच. त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते विचारू नका. हंगाम संपत आला तेव्हा उत्तर आलं. त्यांनी तिला बोलावलं होतं, आणि शेवटी एक प्रश्न विचारला होता, की गाण्याच्या सुरुवातीला तो जो लांब स्वर आहे, ते तुमच्याकडचं कोणतं वाद्य?

चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

पुढचं जगाला माहीत आहे. मला आठवतात ते मधले तुकडे. मुंबईच्या विमानतळावर अण्णांनी काचेबाहेरून मारलेली हाक, आणि ती ऐकून काचेच्या आत चार परकी माणसं वळलेली. पहिल्या वर्षी थंडीने फुटलेले तिचे ओठ. रिकाम्या खुर्च्यांसमोर गायलेले कार्यक्रम, जे तिने आम्हाला भरलेले म्हणून सांगितले. मग एका वर्षी खरंच भरले. आता तिच्याबरोबर मोठमोठे वादक बसतात आणि गाण्याआधी आपली वाद्यं काळी चारच्या थोडी वर, पांढरी सहाच्या थोडी खाली लावून घेतात. कुणाकुणाला ठाऊक असेल, आपण आमच्या बॉयलरच्या भोंग्याला लावतोय म्हणून?

गेली काही वर्षं ती वेल्समध्ये राहते. इंग्लंडला चिकटून असलेला डोंगराळ मुलूख. तिच्या गावात पूर्वी कोळशाच्या खाणी होत्या. तिथले खाणकामगार संध्याकाळी एकत्र जमून गायचे, त्यांची पोरं-नातवंडं अजून गातात. आजारपणाआधी एकदा ती फोनवर म्हणाली, "दादा, हितं एक म्हातारा हाय, खानीतला. अण्णांसारखाच वरडून बोलतो. त्यांच्या खानीला बी भोंगा हुता. खान बंद झाली आन त्यो बी गेला. म्हातारा म्हनतो, त्याचा आवाज आठवतो पर काढता येत न्हाई." मी नुसतं हूं म्हणालो. त्या आठवड्यात आमचा भोंगा खाली उतरवत होते. सांगायची ती वेळ होती, मी ती घालवली. मग गाठ निघाली, मग ऑपरेशन, मग तिचे मुके मेसेज. आजारी माणसाला असलं कशाला सांगायचं, असं मी दर वेळी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. ती गोधडी लावलेली खोली पुन्हा होईल, ही भीती.

मोळीच्या दिवशी मी एक बेत केला. मनीचं ते पहिलं रेकॉर्ड आता इंटरनेटवर आहे, कुणीही ऐकावं. त्यातला सुरुवातीचा नुसता भोंगा मी कापून घेतला. माझ्या मुलाचा छोटा स्पीकर अंगणातल्या बाकावर ठेवला. बारा वाजता सायरनच्या आधी दोन सेकंद हे लावायचं आणि फोन त्याला चिकटवायचा. कारखान्यात गव्हाणीची पूजा झाली, मोळी पडली, भाषणं झाली, पेढा माझ्या खिशातच राहिला. साडेअकराला मी घरी पोचलो. मक्बूलचाचा काठी टेकत आधीच येऊन खुर्चीवर बसले होते. आई उंबऱ्यात होती. वरून काजळी पडत होती.

चाचांनी स्पीकरकडे बोट केलं. "ह्ये काय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तिला तिच्याच लहानपनीचं शिळं ऐकवनार तू?"

"चाचा, नाहीतर सा लागायचा न्हाई तिचा. त्या टायमाला काय झालं तुम्हाला ठाऊक हाय ना?"

"हाय ठाऊक. पन जी पोरगी चिपाड वलं हाय का कोरडं हे घरात बसून सांगायची, तिला तू फसवनार? सुनील, तू लॅबमंदी नमुना बदलतो का कधी?"

बाराला चार मिनिटं असताना फोन वाजला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज, आणि आवाजही नव्हता. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तिकडे सकाळचे साडेसहा. मी म्हणालो, "मने?" उत्तर नाही. सा लागेपर्यंत बोलायचं नाही, हे तिने ठरवलेलंच होतं. माझा अंगठा स्पीकरच्या बटणावर होता. मी घड्याळ बघत राहिलो. बारा वाजले. मी बटण दाबलं नाही.

टाइम ऑफिसच्या छपरावर सायरन सुरू झाला. वर चढला, खाली आला, वर चढला, रुग्णवाहिकेसारखा. फोन मी त्याच्याकडे धरला होता, कारण तिने तसं सांगितलं होतं. सायरन संपला. पलीकडे काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

मग मी एका दमात सगळं बोलून टाकलं. "मने, भोंगा काढला गं. आषाढात काढला. मी सांगितलं न्हाई. तुला बरं न्हवतं म्हनून, न्हाई, मला भ्या वाटलं म्हनून. चाचा बसलेत इथं, आई हाय. त्या टायमाला मी तुला बोललो ते बी माझं चुकलं. भोंगा न्हाई आता. काय करायचं सांग."

आईचे ओठ हलत होते. मी फोनच्या पडद्यावरचे सेकंद बघत होतो. अठ्ठावीस, एकोणतीस. चाळीस. मला वाटलं, फोन ठेवते आता ती. मला वाटलं, मी संपवलं तिचं गाणं.

आणि आवाज आला. पहिल्यांदा खरखरीत, बारीक, दार घासत उघडावं तसा. तो जरा खाली बसला, थांबला, पुन्हा उचलला. मग हळूहळू भरत गेला आणि एका जागी उभा राहिला. हलला नाही. मला सूर कळत नाही हे मी आधीच सांगितलंय, पण हा मी ओळखला, कारण लहानपणी कुकर उतरवताना, शाळेतून धावत येताना, दिवसातून तीन वेळा अंगावर यायचा तो हाच आवाज होता. तो आता माझ्या हातातल्या फोनमधून येत होता. पाठीमागे काहीच नव्हतं. मिल नाही, भोंगा नाही, ती एकटी.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. त्यांचा उजवा हात डोक्याच्या वर गेला होता आणि मूठ आवळलेली होती, साखळी धरावी तशी. तिने सूर सोडला तरी तो हात त्यांनी खाली घेतला नाही. आईने पदराने डोळे पुसले आणि तिच्या गालावर काजळीचा लांब काळा पट्टा उठला.

मग, पाच आठवड्यांत पहिल्यांदाच, मनी बोलली. घोगरी, दमलेली. "चाचा," ती म्हणाली, "प्रेशर किती?"

चाचांनी हात खाली घेतला.

"फुल्ल हाय, बेटी," ते म्हणाले. "फुल्ल हाय."